आखूड धाग्याची नानकटाई

तुपात हळूहळू तांबूस होत जाणाऱ्या मैद्याचा वास आला की माझं मन अजूनही थाऱ्यावर राहत नाही. वास तसा किती निर्मळ, वेलदोड्याची किंचित झाक असलेला, घरी पाहुणे येणार असल्याची वर्दी देणारा; पण मला त्यातून दारव्ह्याचा तो एक हिवाळा आठवतो, आणि खिडकीशी बसून चिमटीत कापूस ताणणारे माझे यजमान आठवतात.

ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बोंडातला पुंजका चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा आणि धाग्याची लांबी नजरेने जोखायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लांब धागा तो चांगला, आखूड तो परत. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेले, वरून आलेले नियम कडक, आणि केंद्राबाहेरची गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. अशात तांड्यावरच्या एका बाईची गाडी यांना परत पाठवावी लागली. ती भांडली नाही. "भाऊ, धागा आखूड हाय म्हंता, तं आता म्या तो ओढून लांब करू काय?" एवढंच विचारलं आणि बैल वळवले. त्या दिवसापासून यांची अन्नावरची वासनाच उडाली. रजा टाकून घरी बसले, राजीनामा लिहून रेडिओखाली ठेवला. सोमवारी काय ते ठरवणार होते. नोकरी जाण्याचं भय मला होतंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठं भय हे, की या माणसाने आता स्वतःलाच परत पाठवलं आहे.

अशा वेळी बायकोने करावं तरी काय? त्यांना लहानपणापासून नानकटाई आवडे, म्हणून मी ती करायला घेतली. आमचा ओव्हन साधा, ॲल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची खिडकी असलेला. भारनियमनाच्या वेळा सांभाळून त्याची मर्जी राखावी लागे. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र होईतो फेसली, मैदा घातला, चिमूटभर सोडा घातला, आणि मग जन्मभर जे केलं तेच केलं, मळलं. मळल्याशिवाय आपल्या बायकांच्या हातांना चैन पडतं का? मनातली सगळी उलघाल मी त्या गोळ्यात रगडली. पहिला घाणा दगड झाला, दुसरा त्याचा सख्खा भाऊ. शेजारचं कुत्रंही हुंगून निघून गेलं.

रविवारी दुपारी तिसऱ्यांदा मळत होते, तेव्हा हे पाणी प्यायला आत आले. सवयीनेच त्यांनी गोळ्यातला एक तुकडा चिमटीत धरला आणि ओढला. तो रबरासारखा लांबत गेला.

"याले तं धागा सुटला," ते म्हणाले. "तू कणीक मळून राह्यली का नानकटाई करून राह्यली? इथं धागा लांब नाही पाहिजे."

आठ दिवसांत एवढं बोलणं त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मी तो गोळा बाजूला सारला, नव्याने तूप फेसलं, आणि या खेपेला मैदा बोटांच्या टोकांनी नुसता गोळा केला. ओव्हन आधी तापवून घेतला, पेढ्यांसारखे गोळे अंतर राखून मांडले आणि काचेशी उभी राहिले. वर भेगा पडल्या, कडा तांबूस झाल्या, लाइट जायला दहाच मिनिटं उरली होती. बाहेर काढल्या तेव्हा इतक्या मऊ, की वाटावं, फसल्या. पण निवल्याशिवाय नानकटाईची परीक्षा करू नये. माणसाचंही तसंच असावं, पण तो निवेपर्यंत थांबायचा धीर कुणाला असतो? मला तर नव्हता.

निवलेली एक त्यांनी उचलली, चिमटीत धरली, आणि ओढायच्या आतच तिचा भुगा झाला. तळहातावरचे ते कण त्यांनी सगळे तोंडात टाकले.

"पास," ते म्हणाले. "आखूड धाग्याले पास म्हणायले भेटलं एकदाचं."

सोमवारी ते केंद्रावर गेले. नियम तेच होते, रांगही तीच होती. मागाहून डबा उघडला तर निम्मी नानकटाई गायब. ती रांगेत कुणाच्या हातावर पडली, मी विचारलं नाही. राजीनामा मात्र पुढे कितीतरी महिने रेडिओखालीच होता, आणि रोज धूळ पुसताना मी तो उचलून पुन्हा तिथेच ठेवत असे. आता आमच्याकडची लाइट तशी जात नाही. तरी हा वास सुटला की मी काचेशी जाऊन उभी राहते आणि घड्याळ बघते.