साबुगेरोखालच्या नाळा

कुस्तोदिया वाल-दे-एराची सुईण होती. गावात जी काही माणसं चालत-बोलत होती त्यातली निम्मी तिच्या हातावर जन्मलेली आणि बाकीची तिच्या सासूच्या. सासू मेली तेव्हा कुस्तोदियाला तिच्याकडून तीनच गोष्टी मिळाल्या. एक कात्री, एक कायम चिडलेली शेळी, आणि अंगणातलं साबुगेरोचं झाड.

झाड काही फार देखणं नव्हतं. वाकडं, पोकळ फांद्यांचं. जूनमध्ये पांढऱ्या फुलांची छत्र्यांसारखी झुबकी यायची, तेवढंच काय ते. पण त्याच्या बुंध्याशी पाटीच्या दगडाच्या चपट्या फरशा बसवलेल्या होत्या, आणि त्या फरशांखाली सगळ्या गावाच्या नाळा होत्या. नाळ उंदरानं खाल्ली तर पोर चोर निघतं हे दोउरो नदीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना माहीत. दुसऱ्या गावात लोक नाळ चुलीत टाकायचे, कुणी नदीत सोडायचे. इथे बाई बाळंत झाली की कुस्तोदिया नाळ फडक्यात बांधून घरी न्यायची, फरशी उचलून पुरायची आणि परत येऊन आईला सांगायची, "झोप आता. उंदीर पोचत नाही तिथे." हे ऐकल्याशिवाय बायका झोपायच्याच नाहीत. तिला सुईण म्हणून बोलवायचे ते अर्धं त्या एका वाक्यासाठी.

आणि मग लिस्बनहून हुकूम आला.

भूकंपात लिस्बन पडलं आणि त्यानंतर राजाचा मोठा मंत्री जो उभा राहिला तो काही बसलाच नाही. प्रत्येक गोष्टीत त्याचा हात. शहराचे रस्ते कसे सरळ हवेत, शाळेत कोणी शिकवायचं, दारू कुठली बोटीत चढवायची. पोर्तो बंदरातून जाणाऱ्या दारूचं परदेशात नाव खराब झालं होतं, कारण लोक पांचट दारूत साबुगेरोचे काळे मणी पिळायचे आणि रंग गडद करून विकायचे. वाल-दे-एरातही पिळायचे, उगाच साव कशाला बनायचं. मंत्र्यानं द्राक्षमळ्यांची हद्द आखली, दगड रोवले, मळ्यात शेणखत घालायला बंदी केली, आणि हद्दीच्या आतबाहेर जेवढी म्हणून साबुगेरोची झाडं आहेत ती मुळासकट उपटायला सांगितलं. हुकूम वाचला तेव्हा गावाला आनंदच झाला, कारण दारूला भाव येणार होता. सगळ्यांनी आपापली झाडं उपटली. कुस्तोदियाचं झाड मात्र कुणाला आठवलंच नाही. ते झाड म्हणून कोणी धरतच नव्हतं.

आठवलं ते गाश्पारला. तो मळ्यांचा मुकादम, आणि हद्दीत एक जरी झाड राहिलं तर त्याची मानगूट धरली जाणार होती. तो आला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि बराच वेळ शेळीबद्दल बोलला.

कुस्तोदिया म्हणाली, "शेळी बघायला आला नाहीस तू."

"मावशी, मी काय करू? हुकूमच आहे."

"तुझीपण नाळ तिथेच आहे रे. म्हणून तर दारूच्या कोठाराच्या किल्ल्या सांभाळायला दिल्या तुला, नाहीतर लहानपणी तुझी लक्षणं काय होती ते मला माहितीये."

गाश्पार हसला पण त्याला रडायला आलं होतं. त्याची बायको लुझिया पोटुशी होती. आधीची दोन्ही बाळं मेलेली जन्मली होती, आणि या वेळी तिला कुस्तोदियाशिवाय कोणी नको होतं. म्हणजे ज्या बाईचं झाड तोडायचं तिलाच दोन महिन्यांनी हात जोडायचे. त्याला झोप लागत नव्हती.

वसंतात पाहणी करायला मेनेझिस नावाचा अधिकारी आला. बारीक अंगाचा, थकलेला माणूस, खेचरावर बसून बसून कंबर धरलेली. कुस्तोदियानं त्याला बसवलं, शेळीचं दूध दिलं आणि सरळ सांगितलं की या झाडाला मणी येतच नाहीत. जूनअखेरच्या साओ-जुआंवच्या सणाला सूर्य उगवायच्या आत ती सगळी फुलं तोडते, तापावरच्या काढ्यासाठी. फूलच राहिलं नाही तर मणी कुठून येणार, आणि मणी नाही तर रंग कसला? हे खरं होतं. तिच्या सासूच्या काळापासून त्या झाडावर कोणी काळा मणी पाहिला नव्हता.

मेनेझिस म्हणाला, हुकुमात मणी लिहिलेले नाहीत, झाड लिहिलंय. मग त्यानं दूध संपवलं, झाडाकडे पाहिलं, स्वतःच्या कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाला की द्राक्षतोडणीला मी परत येईन. एकही मणी दिसला नाही तर औषधाचं झाड म्हणून सोडेन. दिसला तर मुळासकट, आणि जबाबदार मुकादम. बरोबर आलेल्या गाश्पारनं मान हलवली. दुसरं काय करणार होता तो.

आता यात अवघड असं काहीच नव्हतं. फुलं तोडायची, बस. पण त्याचा नियम होता. साओ-जुआंवच्या पहाटे, उन्हाचा पहिला किरण पडायच्या आत, सुईणीच्याच हातानं. ऊन पडल्यावर त्या फुलाला हात लावायचा नाही, त्यातलं औषध जातं आणि वाईट ते मागे राहतं. हा नियम मोडलेला कोणी पाहिला नव्हता. मोडावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आणि लुझियाला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या सणाच्या संध्याकाळी.

बाळ आडवं होतं. खाली गावात होळ्या पेटल्या होत्या, पोरं त्यावरून उड्या मारत होती, आणि कुस्तोदिया कोपरापर्यंत तेल लावून बाळ फिरवत होती. खिडकीतून आभाळ राखाडी झालेलं तिनं पाहिलं. मग फिकट गुलाबी. लुझियानं तिची नजर पकडली.

"मावशी, तू जा. झाड..."

"गप. जोर लाव."

मुलगी झाली. आधी गप्प होती, मग एवढ्या मोठ्यांदा रडली की बाहेर गाश्पार भिंतीला टेकून खालीच बसला. सणाला जन्मली म्हणून तिचं नाव जुआना ठेवलं. कुस्तोदिया नाळ फडक्यात बांधून घरी आली तेव्हा झाड लख्ख उन्हात उभं होतं, सगळी फुलं तशीच. तिनं फरशी उचलली, नाळ पुरली, आणि लुझियाला जाऊन सांगितलं की उंदीर पोचत नाही तिथे.

जुलैत हिरवे मणी धरले. ते तरी तोडावेत, तर तेही जमेना, कारण साबुगेरोचे मणी हातात सापडणं हा झाडापेक्षा मोठा गुन्हा होता. आणि अंगण वरच्या रस्त्यावरून उघडं दिसायचं. शेजारची जेनोवेवा कुंपणावरून म्हणाली, दुसऱ्यांची पोरं काढता काढता ही स्वतःचं झाड विसरली. मग तीच हळूच म्हणाली की पक्षी खातात म्हणे. झालं, सगळं गाव पक्ष्यांवर नजर ठेवून बसलं. गाश्पार तर मळ्यातून पक्ष्यांना हाकलायचा आणि ते कुठल्या दिशेला जातात ते बघत राहायचा. पण द्राक्षं पिकली होती, गोड होती, साबुगेरोचे आंबट मणी कोण खाणार. पक्षी फिरून मळ्यातच यायचे.

मेनेझिस आला तेव्हा झाड काळ्या घोसांनी वाकलं होतं.

तो ओरडला नाही. उलट त्यालाच वाईट वाटल्यासारखं दिसलं. त्यानं सांगितलं की आज सूर्य बुडायच्या आत गावानं आपल्या हातानं झाड मुळासकट काढलं तर मी काहीच पाहिलं नाही. नाहीतर गाश्पारला बरोबर घेऊन जावं लागेल. लुझिया पोर छातीशी धरून उभी होती. माणसं कुदळी घेऊन आली आणि फरशांपाशी येऊन थांबली. कुणाचाच हात उठेना. प्रत्येकाची नाळ खाली. मेनेझिसला वाटलं लोक अडून बसलेत, त्यानं शिपायाकडे पाहिलं.

कुस्तोदिया पुढे झाली. गाश्पारकडे पाहून म्हणाली, "फरशा मी उचलते. मग तुम्ही खणा."

तिनं एकेक फरशी काढून बाजूला लावली. खाली काळी, भुसभुशीत माती होती आणि जुनं असं काहीच उरलं नव्हतं. फक्त एक फडकं ओळखू येत होतं. ते तिनं गाश्पारच्या हातात दिलं आणि त्यानं सदऱ्याच्या आत घातलं. मग कुदळी चालल्या. झाड सहज निघालं, मुळं उथळच होती.

खड्डा उघडा पडला आणि बायका टोपल्या घेऊन आल्या. आपल्या पोराची माती कुठली हे कुणाला कळणार, म्हणून सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. जेनोवेवा टोपली घेऊन मळ्याकडे निघाली तर गाश्पार धावत आडवा गेला आणि म्हणाला, असली काळी माती मळ्यात टाकलीस तर खत म्हणून धरतील, आधीच एका हुकुमातून सुटतोय. मग कुणीतरी म्हणालं की चुलीत. राख-मातीत उंदीर काय करणार. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापल्या चुलीखाली ती माती लिंपली, आणि वाल-दे-एरातल्या चुली त्या वर्षापासून चार बोटं उंच झाल्या. मेनेझिस खेचरावर बसून हे सगळं बघत होता. मग गाश्पारला तिथेच ठेवून त्यानं खेचर वळवलं.

त्यानंतर बायका कुस्तोदियाला बोलवायच्याच. पण नाळ घरातली सासूच चुलीपाशी पुरायची, आणि ते वाक्यही सासूच म्हणायची. कुस्तोदिया हात धुऊन घरी जायची.

थंडीत जुआनाला ताप आला. गाश्पार धावत आला. कुस्तोदियानं मडकं चुलीवर ठेवलं, थोडं थोडं पाजलं. काढ्याला फुलं नव्हती. त्या भागात कुणाकडेच नव्हती. लुझिया पोरीच्या कपाळावरचा हात काढत नव्हती. पहाटे ताप उतरला तेव्हा गाश्पारनं मडक्यात डोकावून विचारलं की यात घातलं काय होतं.

"गरम पाणी," कुस्तोदिया म्हणाली. "हुकुमात बसतं."