आकडा उलटेपर्यंत थांबलेले आबा

त्या दिवशी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमच्या ऑफिससमोर रिक्षा थांबली आणि वडील उतरले, म्हणजे आमचे आबा. मागोमाग माझी पत्र्याची पेटी! रूमवरून आधीच उचलून आणली होती...

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. तेव्हाच्या औरंगाबादेत आज बंद, उद्या मोर्चा. माझी रूमपार्टनर सुनंदा मोर्चाला जायची आणि घसा बसवून परत यायची. तिकडे कन्नडजवळ आमच्या वस्तीवर बातम्या पोचायच्या त्या तिखटमीठ लावून, त्यामुळे आबांचा जीव टांगणीला लागलेला.

"बास झाली नोकरी. सांजंच्या यष्टीनं निघायचं," आबा म्हणाले. मेंढरं राखणारा माणूस... आवाज कधी चढवायचे नाहीत, पण शब्दही फिरवायचे नाहीत. घरी स्थळ बघून ठेवलं होतं. एकदा मी गेले की परत येणं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी हातातलं काम सोडवेना. आम्ही कारखान्यांतल्या मशिनींसाठी कंट्रोल कार्ड बनवायचो. नव्या कार्डावर सी भाषेतले प्रोग्रॅम चालवायचे, तर तिच्या लायब्ररीत एक फाइल लागते. या कार्डात मोठ्यात मोठा आकडा कोणता मावतो, लहानात लहान कोणता, हे सांगणारी.

दुसऱ्या मशीनची फाइल उचलून चालत नाही, प्रत्येकाचा आवाका वेगळा. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो त्या कार्डावरच चालायचा, एक-एक करत आकडा वाढवत न्यायचा आणि हद्द सापडली की फाइल आपली आपणच लिहून द्यायचा.

शॉर्टकट होते हो... पण आमच्या साहेबांना 'अंदाजे' हा शब्द खपत नसे. छोटे आकडे झटक्यात निघाले. सगळ्यात मोठ्याची मोजणी मात्र सकाळी लावलेली, ती संध्याकाळपर्यंत चालणार होती.

"आबा, एवढं होऊ द्या, मग निघू," मी म्हटलं. आबा आत येऊन माझ्या टेबलाशेजारी पेटीवरच बसून राहिले.

जरा वेळानं म्हणाले, "कुठवर मोजतंय हे?" म्हटलं, त्याला झेपेल तिथवर. हद्द ओलांडली की आकडा उलटा फिरतो, एकदम मायनस होतो. दोनशे कोटींच्या पुढं जाईल बहुतेक.

आबा पहिल्यांदाच हसले. "अगं, एवढी मेंढरं चारायची कुठं?"

दुपारी दिवे मिणमिणले. वीज गेली असती तर मोजणी पुन्हा शून्यापासून, आणि पुन्हा मोजायला मला कोण थांबू देणार होतं? माझ्याआधी आबाच ताडकन उठले... "बघ गं, बंद पडलं का काय!" नव्हतं पडलं. ते परत बसले, पण आता पेटी स्क्रीनजवळ ओढून.

उन्हं उतरली तसा आकडा फिरला. मायनस! मी खुर्चीतून अक्षरशः उडी मारली. दोनशे चौदा कोटींच्या वरचा तो आकडा फाइलमध्ये उतरला आणि मला हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

वळून बघते, तर आबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. "अशी हसताना लई दिसांनी बघितली तुला," एवढंच म्हणाले.

मग पेटी खांद्यावर घेतली आणि बाहेर पडले. मी निमूट मागं. आता काय, संपलंच सगळं...

रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर चाचा, स्टँड?"

"नाय," आबा म्हणाले. आणि सकाळी जिथून पेटी उचलली होती, त्या माझ्या रूमचा पत्ता सांगितला.

सुनंदानं चहा ठेवला. आबांनी तो बशीत ओतून निवांत घेतला, तिला मोर्चाबद्दल चार शब्द विचारले आणि शेवटच्या यष्टीला निघाले. एकटेच. दारात थांबून म्हणाले, "त्या स्थळाचं मी बघतो. तू मोज."

परवा मी रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांचे आभार मानले, सुनंदाचेही मानले. आबांचं नाव घेतलं आणि पुढं शब्दच फुटेना, तशीच खाली बसले... म्हणून हे इथं लिहिलं.