निळी रेघ काळी काऊन झाली

मॅडमना खुर्ची दिली की त्या तिच्यावर पर्स ठेवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तसंच. आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मायनं शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली होती. ती ओल्या फडक्यानं पुसली होती. फडकं ओलं करायलाही आमच्याकडे विचार करावा लागायचा, हे तुम्हाला आधी सांगितलं पाहिजे.

आमची वस्ती अजिंठ्याच्या डोंगराच्या उतारावर आहे. बुलढाण्याहून एसटीनं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि वर चढायचं. होळी झाली की वस्तीतला हातपंप खडखडायचा. मग माय आणि इतर बाया घाट उतरून खालच्या विहिरीवर जायच्या आणि भरलेला हंडा घेऊन घाट चढायच्या. माय दिवसभर लोकांच्या शेतात निंदायची, त्याच्या आधी एक खेप आणि नंतर एक. उन्हाळ्यात तिच्या डोक्यावरचे केस चुंबळीखाली झिजून विरळ व्हायचे. बाबा दसऱ्याच्या सुमाराला डोंगरातली सीताफळं बुलढाण्याला नेऊन विकायचे, एरवी मिळेल ते काम. अशा घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते. ज्यांच्या घरात आधीच चार पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी नाही मिरवलं तरी चालेल.

मॅडम आम्हाला भूगोल शिकवायच्या. साडीखाली खेळायचे बूट, खांद्यावर नकाशांची गुंडाळी, आणि पाय सतत हलते. पोरं म्हणायची, मॅडमला चाकं बसवलेली आहेत. एकदा त्यांनी टेबलावर आमच्या भागाचे दोन नकाशे पसरले, एक इंग्रजांच्या काळातला आणि एक अलीकडचा. म्हणाल्या, "आपापलं गाव शोधा. निळी रेघ म्हणजे बाराही महिने पाणी, काळी रेघ म्हणजे कोरडा नाला. दोन्हीत काय फरक पडला ते सांगा."

नव्या नकाशात आमच्या वस्तीशेजारचा नाला काळा होता. जुन्यात तो निळा होता, आणि त्याच्या माथ्याशी झऱ्याची खूण होती.

मी म्हटलं, "मॅडम, आमचा नाला कधीच निळा नव्हता. छापणाऱ्याची चूक असंन."

वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. त्यांचे डोळे चमकले.

"चूक कोणाची हाये ते पाहून येऊ. निळी रेघ काळी काऊन झाली, याचं उत्तर वर्गात बसून भेटत नाही, पोरी."

आणि रविवारी त्या खरंच आल्या. मायनं पुसलेल्या खुर्चीवर पर्स ठेवली.

"बसा नं मॅडम," माय म्हणाली, "तुमच्यासाठीच आणली हाये."

"बसाले नाही आली मी. पाणी कुठून आणता तुमी?"

"घाटाखालून."

"चला मंग."

मायला वाटलं थट्टा आहे. पण मॅडम बाहेर पडल्यासुद्धा होत्या. त्या दिवशी मायसोबत त्या घाट उतरल्या आणि चढल्या. चढताना अर्ध्या वाटेवर त्यांनी मायचा हंडा मागून स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि पाच पावलांत निम्मी साडी भिजवली. माय तोंडावर पदर धरून हसत होती, आणि सांडलेल्या पाण्याकडे बघून हळहळतही होती. बाबा रात्री जेवताना म्हणाले, "हे मास्तरीण हाये का वारा? बाई जमिनीवर टिकूनच नाही राह्यली!"

त्यानंतर मॅडम येतच राहिल्या. मला आणि वर्गातल्या दोन-तीन जणांना घेऊन डोंगरभर हिंडायच्या. जुन्या नकाशात हिरवा रंग कुठे आहे, तिथं आज काय उभं आहे, ते बघायचं. बहुतेक ठिकाणी काहीच उभं नसायचं. मुरूम उघडा पडलेला, आणि घाणेरीची झुडपं. चालता चालता त्या भाकरी खायच्या, चालता चालता बोलायच्या. त्यांचं वाक्य अर्धं राहायचं, कारण तोवर त्या पुढच्या टेकाडावर पोचलेल्या असायच्या.

त्याच वर्षी वस्तीसाठी विहीर मंजूर झाली. विहीर कुठे खणायची यावर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बैठक बसली. प्रत्येकाला ती आपल्या दारापुढे पाहिजे होती. मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जुन्या नकाशात झरा आहे, पाण्याची वाट तिथंच असणार. नकाशावरचे अक्षांश-रेखांश त्यांनी भराभर मोबाईलमध्ये घातले, मोबाईल दाखवेल तिकडे चालत गेल्या आणि एका जागी टाच आपटली. "इथं."

बाबांनी पहिला घाव घातला. माणसं लागली, वर मशीन आलं. खाली काळा दगड लागला, त्याखालीही काळाच दगड. ओल म्हणून नाही. विहिरीचं काम तिथंच संपलं.

तुम्ही आमच्याकडची माणसं पाहिली असतील. ती रडायचं असलं तरी आधी चेष्टा करतात. त्या जागेला नाव पडलं 'मॅडमचा खड्डा'. माझा चुलतकाका तर फाट्यावर मॅडमना गाठून म्हणाला, "मॅडम, मोबाईलमधलं पानी मोबाईलमधीच राह्यलं वाटते!" मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्यांना वस्तीवर मी आणलं होतं. विहीर एकदाच मिळते, दुसरी मागायला कोण जाणार? आणि माय तशीच हंडा उचलून घाट उतरायची, माझ्याशी एक शब्द वाकडा न बोलता. त्याचंच जास्त लागायचं.

मॅडम मात्र पुढच्या रविवारी परत हजर. त्यांनी मला थेट टेकडीवरच्या महादेवाच्या देवळाकडे नेलं. हे देऊळ जुनं, दोन्ही नकाशांत आहे. पायरीवर उभं राहून त्यांनी जुन्या नकाशातले देवळाचे आकडे मोबाईलमध्ये घातले आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

मोबाईलच्या म्हणण्यानुसार देऊळ खालच्या तुरीच्या शेतात होतं.

"देऊळ तं चालून नाही गेलं नं?" मॅडम म्हणाल्या.

जुना नकाशा काढणाऱ्यांनी पृथ्वीचा आकार एका मापानं धरला होता, मोबाईल दुसऱ्या मापानं धरतो. जुने आकडे जसेच्या तसे घातले की सगळ्या खुणा सरकतात. देऊळ जेवढं आणि जिकडे सरकलं, तेवढाच झराही सरकला होता. आधी न हलणाऱ्या एखाद्या जागेवर ताडून बघायचं, मग पुढं जायचं, हा पहिला धडा.

"दरवर्षी शिकवते मी हे," त्या म्हणाल्या. "आणि पायाले घाई झाली म्हणून स्वतःच विसरली."

मी म्हटलं, "मॅडम, वस्तीत नका सांगू. हसतीन लोक."

"हसू दे. खंदलं त्यायनं हाये."

ओट्यावर त्यांनी सगळं सांगितलं. आकडे, देऊळ, तूर, घाई. "चूक नकाशाची नाही, माझी हाये," हे दोनदा सांगितलं. शिकलेल्या माणसानं वस्तीसमोर असं बोलताना मी तोवर कुणाला पाहिलं नव्हतं. चेष्टा करणारा काकाही जमिनीकडे बघत होता. मग त्यांनी खरी जागा सांगितली आणि कुणी येतं का विचारलं. बाबा म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग नाही. पण आता हात नाही उचलत."

तेव्हा मागून मायचा आवाज आला. माय बैठकीत कधी बोलायची नाही.

"मानसं नाही खंदत तं नोका खंदू. हंडा आमच्या डोक्यावर हाये, आमी खंदतो."

दुसऱ्या दिवशी बाया कुदळी घेऊन निघाल्या. पुढे मॅडम, साडी खोचलेली. नव्या जागी घाणेरीचं रान माजलं होतं. ते तोडलं, गाळ उपसला, आणि खाली हातानं रचलेल्या दगडांचं एक लहानसं कुंड निघालं. कोरडं ठाक. तळाशी फक्त मुळ्या होत्या. बायांनी कुदळी खाली ठेवल्या.

"झरा सापडला," मॅडम म्हणाल्या, "आता पाणी आणाचं."

"कुठून?" मायनं विचारलं.

मॅडमनी वर, उघड्या डोंगराकडे बोट दाखवलं. जुन्या नकाशात त्या उतारावर दाट जंगल होतं. झाडी गेली, पावसाचं पाणी थांबेना, झरा आटला, रेघ काळी झाली. उत्तर एवढंच होतं. पण ते उलटं फिरवायचं म्हणजे डोंगराच्या अंगावर आडवे चर खणायचे, त्या बाजूला बकऱ्या जाऊ द्यायच्या नाहीत, झाडं लावायची आणि वाट बघायची. मॅडमना वाट बघणं सोडून सगळं येत होतं. पहिला पावसाळा गेल्यावर त्या दर आठवड्याला येऊन कुंडात हात घालून बघायच्या. कोरडा हात झटकायच्या आणि लगेच वरच्या चरांकडे निघायच्या. बकऱ्यांवरून दोनदा भांडणं झाली. दोन्ही वेळा मध्ये मॅडमच. पहिल्या चरांच्या वेळी बायाच होत्या. दुसऱ्या वर्षी बाबा फावडं घेऊन आले. काका त्यांच्या मागोमाग आला आणि म्हणाला, "खड्ड्यापेक्षा चर बरे, मॅडम. यात निदान पडलो तं उठता येते."

मग मॅडम निवृत्त झाल्या. मुलानं पुण्याला नेलं. फोनवर म्हणाल्या, "सहाव्या मजल्यावर राह्यतो. लिफ्ट हाये. मी जिन्यानं जाते. सून घाबरते." गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तेही बंद झालं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हे मुलानं सांगितलं तेव्हा मला ते डोळ्यांसमोर आणता येईना.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना फोन केला.

"मॅडम, कुंडात पाणी हाये."

"कोन्या महिन्यात पाह्यलं?"

"आत्ता. मे महिना चालू हाये."

"स्वतः पाह्यलं का कोणी सांगितलं?"

"स्वतः. हात घालून."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन पडला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"हाये, हाये," त्या म्हणाल्या. "लई पाणी हाये का?"

"नाही मॅडम. कोपरापर्यंत. पण उपसलं की परत भरते."

"मंग वर्गात नकाशा काढशीन तवा नाला काळाच ठेवजो त्यात. खोटं नाही काढाचं."

नाला अजून कोरडाच आहे. वस्तीतली मी पहिली एम.ए. झाले, आता मेहकरच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली एकही बाई पाण्यासाठी घाट उतरली नाही.