सावडीचं बोलावणं

आमच्या डोंगरातल्या गावात भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. मी मात्र मोठी दानशूर! सगळ्यांच्या लावणीला पदर खोचून हजर, पण माझ्याकडं कुणाला बोलवायचे नाही. एकटीच कंबर मोडून उरकायचे आणि वर मिरवायचे, "आपल्याला नाय बाई कुणाचं लागत."

गेल्या वर्षी ऐन लावणीच्या तोंडावर बांधावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. रोपं तयार, चिखल तयार, अन् मालकीणबाई हात गळ्यात अडकवून ओटीवर! रोपं पिवळी पडायला लागली. आणखी थांबले असते तर वर्षाचा भात गेलाच होता. मंचरला दुकान असलेला लेक फोनवर म्हणाला, "मजूर लाव की." वा रे शहाण्या! लावणीच्या दिवसांत मजूर काय तुझ्या दुकानात टांगलेत?

मग भीमाशंकराला साकडं घातलं. "देवा, कुणाला तरी पाठव." तो कशाला पाठवतोय! दारात जाऊन बोलावल्याशिवाय सावडीला कुणी येत नसतं, हे त्यालाही ठाऊक. शेजारणी बांधावरून जाता-येता रोपांकडं बघायच्या. "बरं हाय ना, आक्का?"

"लई झकास," मी म्हणायचे. मनगट मोडलं होतं, जीभ थोडीच!

शेवटी एका सकाळी शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या येशील का माझ्याकडं?" एवढंच कसंबसं बोलले. तिनं हातातलं भांडं तिथंच ठेवलं आणि घरोघर हाका मारत सुटली. मी ओटीवरून उठावं, एवढंच देवाला हवं होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव माझ्या खाचरात. मी बांधावर बसून "दाट लावू नका गं" म्हणून ओरडत होते. कुणी ढुंकून बघेल तर शपथ! दुपारी भाकरी-आमटी सुटली. डाव्या हातानं काय जेवायचं, म्हणून मी तशीच बसले. शेजारणीनं भाकरी कुस्करली अन् घास माझ्या तोंडाशी धरला. मला रडूच फुटलं, सगळ्यांदेखत.

"इतकी वर्सं तुमीच देणार," ती म्हणाली, "अन् आमी काय निस्तं घेतच ऱ्हायचं? आमाला बी कायतरी करावंसं वाटतं, आक्का."

तोंडात घास होता म्हणून बरं, नाहीतर यावरही मी काहीतरी बोललेच असते.