अकरा अंडी आणि उभा ऊस

आमच्या रानातल्या उंदराला नुसतं उंदीर म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात बारा महिने ऊस खाऊन जो वाढतो, तो मांजर दिसलं म्हणून पळत नाही. बाजूला सरून त्याला वाट देतो. आमच्या मांजरानं एकदा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि त्या दिवसापासून ते दूधभाकरीवर राहतं. खोटं वाटत असेल तर पलूसच्या पुढं आमच्या वस्तीवर या. मांजर अजून आहे, विचारा त्याला.

गावात म्हणतात, मी वाढवून सांगतो. सांगत असेन. वीस वर्षं फौजेत होतो, सीमेवर होतो. सीमेवरच्या भटारखान्यात होतो, ही गोष्ट जरा मागाहून सांगतो, एवढंच. पण भटारखान्यातल्या माणसानं शत्रू बघितलेला नसतो असं कुणी समजू नये. गव्हाच्या थप्प्यांवर चालून येणारा शत्रू मी रोज बघितलाय. म्हणून घरी परतल्यावर उंदीर हा विषय माझा, असं मी जाहीर करून टाकलं होतं. यंदाच्या थंडीत तो विषय माझ्या दारात आला.

घर रानातच आहे. तीन बाजूंना आमचा ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. परसात शेवग्याचं झाड आणि त्याच्याखाली बायकोचं कोंबड्यांचं खुराडं. कोंबड्या आठ-दहा, पण तिच्या लेखी खरी एकच. तांबडी, उघड्या मानेची, एका डोळ्यानं अधू. तिच्या आईची आई बायकोनं माहेराहून आणलेली. पुरात खुराड्यातनं पाणी गेलं, बाकीच्या सगळ्या वाहून गेल्या, ही तेवढी पत्र्यावर तीन दिवस बसून राहिली. मी लोकांना सात सांगतो. आता तिचं वय झालंय, वर्षातून एकदाच अंड्यावर येते. संक्रांतीच्या सुमाराला तिनं अकरावं अंडं घातलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या वंशाचा जो एकच कोंबडा होता तो मी पाहुण्यांसाठी कापला.

बायको त्या दिवशी बहिणीकडं कराडला गेली होती. आल्यावर तिनं परसात पडलेली पिसं बघितली.

"दुसरा कोंबडा न्हवता व्हय?"

"ह्यो अंगानं भरलेला हुता."

"लय भरलेला हुता," ती म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस घरात भांडी जोरात वाजत होती.

म्हणजे तो वंश पुढं जायचा तर आता त्या अकरा अंड्यांतूनच. तिनं टोपलीत भुसा घातला, अंडी मांडली, तांबडीला वर बसवलं आणि खुराड्याच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली. रोज एक, अशा एकवीस रेघा झाल्या की पिल्लं.

इकडं तोडी सुरू झालेल्या. ऊस तुटायला लागला की लोकांना साखर दिसते, मला उंदीर दिसतो. फड तुटला म्हणून उंदीर मरत नाही, तो शेजारच्या उभ्या उसात बिऱ्हाड हलवतो. तो फड तुटला की त्याच्या शेजारच्या. पाचव्या रेघेला ओढ्यापलीकडचा ऊस गेला. आठव्या रेघेला चुलतभावाचा गेला, तोही पेटवून. आणि त्या दिवशी बांधावरचं गवत वारा नसताना हलत आमच्या बाजूला आलं. दहाव्या रेघेला मी पाण्याच्या टाकीवर चढून बघितलं. चारी दिशांना मोकळी रानं, आणि मध्ये आमचा ऊस तेवढा उभा. साऱ्या शिवाराचे उंदीर आमच्याकडं मुक्कामाला आले होते.

दिसत एकही नव्हता. तेच वाईट. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरेनात. दाराशी येत, मान वाकडी करून आत बघत आणि परत फिरून शेवग्यावर चढून बसत. ज्या कुत्र्याला गाडीचा हॉर्न सहन होत नाही, ते उसाकडं तोंड करून गप बसायला लागलं. आत फक्त तांबडी. ती अंडी सोडून कुठं जाणार?

मी मोहीम काढली. खुराड्याला बारीक जाळी मारली, भोवती हातभर चर खणून त्यात फुटक्या काचा आणि दगड भरले. जिथनं माझा अंगठा जातो तिथनं उंदीर जातो, हा फौजेतला हिशोब. बायकोनं दाराखालची फट दाखवली.

"हितनं तुमचा अंगठा जातोय."

"माझा जातोय. उंदराचा अंगठा बारीक असतोय, त्याला कळायचं न्हाई."

ती हसली नाही. तिनं खाद्याचा डबा उचलून घरात नेला, कोंबड्यांना दिवसा संपेल तेवढीच कणी टाकायला लागली, आणि सांडलेला दाणा न् दाणा झाडून काढायला लागली. खायला काही नाही म्हटल्यावर येतील कशाला, हे तिचं गणित. माझ्या चरापेक्षा ते बरं होतं, हे आज कबूल करतो. औषध तिनं घालू दिलं नाही. मेलेला उंदीर कोंबडीनं टोचला की कोंबडीही जाते. सापळ्यात रोज एक सापडायचा. समुद्रातनं तांब्याभर पाणी काढल्यासारखं ते. सापडलेला ओरडायचाही नाही, तारेला नाक लावून माझ्याकडं बघत बसायचा, जसं काही माझंच मोजमाप घेतोय.

"टोपली घरात घ्यायची काय?" मी विचारलं.

"खुडूक कोंबडी हलवली की उठती. उठली की अंडी गार. फड उभा हाय तवर त्यास्नी तितं खायला मिळतंय, ते न्हाई यायचे. एकवीस दिस तेवढा उभा राहूदे."

सोळाव्या रेघेला ऊसतोड टोळीचा मुकादम दारात येऊन उभा राहिला. बीडकडचा माणूस, बोलायला मऊ. "मालक, उद्या तुमच्या फडात कोयता घालायचा."

माणसं दोन-दोन महिने ज्या निरोपाची वाट बघतात, तो माझ्या दारात आला आणि मी मागं खुराड्याकडं बघितलं. नको म्हणावं तर टोळी पुढच्या गावाला जाते, ती पुन्हा कधी फिरकेल ते देव जाणे. हो म्हणावं तर उद्या साऱ्या शिवाराचे उंदीर परसात. मागं दाराआड बायको उभी होती. तिनं पाच बोटं दाखवली.

मग माझ्या तोंडातनं ते निघालं. मी खूप विचार करून खोटं बोलत नाही, ते आपोआप येतं.

"उद्या नगं मुकादम. आत बिबट्या हाय."

"काय सांगता!"

"काल डोळ्यानं बघितला. मादी हाय. बैलाएवढी. शेपूट ह्या बांधाला तर तोंड त्या बांधाला. दोन पिल्लं हायती बरुबर. चार-पाच दिसांनी ती आपसूक हलती बघा. तवर दुसरीकडं लावा तोड."

आमच्या भागात बिबट्या उसात राहतो, हे लहान पोरही जाणतं, त्यामुळं थाप पक्की बसली. जरा जास्तच बसली. तासाभरात टोळीतल्या बायकांनी कच्चीबच्ची कडेवर मारली आणि बांधाकडेच्या राहायच्या कोप्या मोडून गावातल्या शाळेच्या पटांगणात हलवल्या. हे मला चहाच्या टपरीवर कळलं. तिथं मला परत सगळं सांगायला लावलं, आणि तिथं पिल्लं तीन झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनखात्याची दोन माणसं आली. ती शहाणी होती. ठसे बघू, गडबड करू नका, गर्दी करू नका म्हणाली. पण त्यांच्यामागं निम्मं गाव होतं. हलगी होती, पत्र्याचे डबे होते, फटाक्यांच्या माळा होत्या. मी कुठं होतो? ट्रॉलीवर उभा राहून, बिबट्या नेमका कुठल्या सरीत दिसला ते दाखवत होतो. मागच्या दारात बायको उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिला माझ्याआधी कळलं होतं. मला कळलं ते पहिली माळ लागल्यावर.

माळ वाजली, हलगी कडाडली, आणि मग सगळा ऊस एकदम गप झाला. उसात काही ना काही वाजतच असतं, पाचट वाजतं, पाखरू वाजतं. ते सगळं थांबलं. नंतर पलीकडच्या टोकापासनं आमच्या घराच्या दिशेनं एक सळसळ निघाली. शेंडे हलत नव्हते, बुडखे हलत होते.

"आला रं!" म्हणून गाव रस्त्याकडं पळालं. बिबट्या आला म्हणून. मला ठाऊक होतं काय आलंय ते.

आकडा मी सांगत नाही. मी आकडा सांगत नाही, यावरून काय ते ओळखा. भर उन्हात, पांढऱ्या उजेडात, उसाच्या कडेनं जमीन सांडल्यासारखे उंदीर परसात आले. कुत्रं दावं तोडून रस्त्याला लागलं. माझा चर त्यांनी भरून काढला. पुढचे त्यात पडले आणि मागचे त्यांच्यावरनं गेले. खुराड्याच्या दाराखालच्या फटीत एक शेपूट दिसायचं, ते आत जाईपर्यंत दुसरं.

मी ट्रॉलीवरून उतरून धावेपर्यंत बायको खुराड्यात शिरली होती. अनवाणी. आतनं फक्त तिचं "हाड, हाड" ऐकू येत होतं, आणि मग तेही थांबलं. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा टोपली पोटाशी होती, वर पदर होता आणि पदराखाली तांबडी. मी पुढं झालो.

"सरका," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात दार लावून तिनं पदर काढला. अंडी सात होती. तांबडीच्या डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. ती त्या सातांवरनं उठली नव्हती. पण आता उठली. टोपलीच्या काठावर येऊन उभी राहिली, एका डोळ्यानं चुलीकडं बघत. बायकोनं अंड्यांवर दोन्ही तळहात ठेवले आणि तशीच बसून राहिली.

"बसंल," मी म्हणालो.

"बोलू नगा."

बाहेर कौलांवर कायतरी धावत होतं. कोंबडी काठावर, बायकोचे हात अंड्यांवर. ऊन उंबऱ्यावरनं मागच्या भिंतीपर्यंत गेलं. मग तांबडीनं बायकोच्या मनगटावर एक टोच मारली, हात बाजूला सारायला लावले आणि बसली.

एकविसाव्या दिवशी काही नाही. बाविसाव्या दिवशी दुपारी तीन पिल्लं निघाली. तीनच. चार अंडी गारच राहिली. तिघांतल्या दोघांच्या माना उघड्या. त्यांत एक तरी कोंबडा असला तर वंश राहिला. ते कळायला अजून अवकाश आहे.

पिल्लं परसात काढायची सोय नव्हती. तांबडीसकट ती घरातच, लोखंडी पिंपात, वर जाळी आणि जाळीवर पाटा. उंदीर उसात परतले होते, पण आता त्यांना घराची वाट माहीत झाली होती. दिवसाढवळ्या मागच्या दाराच्या खालच्या फळीला कुरकुर ऐकू यायची. मी पत्रा ठोकला की ती चौकटीच्या दुसऱ्या बाजूला सुरू व्हायची.

"जावा," बायको म्हणाली. "मुकादमाला खरं सांगा आन् तोड आणा."

गेलो. मुकादमासमोर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा कमी करून सांगितलं. "बिबट्या न्हाई. कवाच न्हवता. मी थाप मारली."

तो मऊच हसला. "मालक, तुम्हाला ऊस तोडून पायजे, समजतं आम्हाला. पण आमच्या एका पोरीनं बघितला की त्याला. शाळेमागं. डोळे असे निखाऱ्यासारखे."

"आरं, न्हवता!"

"आन् तुमच्या भावकीतल्या दोघांनी बघितला. तीन पिल्लं होती म्हणले."

तीन मीच केली होती. टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेली. गावातला कुणी मजुरीला आत शिरायला तयार नाही. पाहिलेली माणसं आता नऊ झालीत, आणि त्यांच्यापुढं माझं कोण ऐकतं?

म्हणून मीच कोयता घेतलाय. साठीच्या माणसानं ऊस तोडणं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. घराच्या बाजूनं सुरुवात केली. रोज दोन सऱ्या मी तोडतो, बायको पाचट ओढते. घर आणि ऊस यांच्यामध्ये मोकळी जमीन पाहिजे. उघड्यावर उंदीर बिचकतो, वर घार असते. पण मी जसजसा आत सरकतो तसतसे तेही आत सरकतात. जागा कमी होत चाललीय, ते तेवढेच आहेत. पुढच्या सरीत कोयता घातला की तिच्या पलीकडची सरी श्वास घेतल्यासारखी फुगते.

काल वीसेक पावलांची उघडी पट्टी झाली. बायको म्हणाली, पिंपात पिल्लं पाय धरत नाहीत, ऊन लागलं पाहिजे. आज सकाळी दहाच्या उन्हात तिनं तांबडीला आणि तिघांना तुटल्या उसाच्या खोडक्यांत सोडलं आणि स्वतः काठी घेऊन उसाकडं तोंड करून उभी राहिली. तांबडी लंगडत पुढं गेली, माती उकरली, क्लुक क्लुक करून पिल्लांना बोलावलं. तिघं धावली. उघड्या मानेचं थोरलं पिल्लू अळीसाठी भावंडाच्या अंगावर धावून गेलं.

"कोंबडाच दिसतोय," मी म्हणालो.

उसात वाजणारं पाचट थांबलं होतं.

तांबडीनं मान वर केली. तिघं तिच्या पोटाखाली शिरली. बायको काठी न हलवता, आवाज न चढवता म्हणाली, "किती सऱ्या ऱ्हायल्या?"

"चौदा."

"आज चार घ्या," ती म्हणाली, आणि मी कोयता उचलला.