काखेतलं पायताण

मी हसलो होतो. हे मी आजवर घरात कुणाला स्वतःहून सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, ज्याच्यावर हसलो त्या बापाला तर नाहीच.

नऊ वर्षांचा होतो. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्याचं अंगण. दिवाळी झाली की आम्ही आटपाडीकडनं मेंढरं घेऊन खाली उतरायचो. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं, म्हणून ऊसवाले आम्हाला बोलावून घ्यायचे. बोलवायचे, पण पायरीच्या खाली उभं करायचे.

सकाळची वेळ. उद्या मेंढरं कुठल्या रानात बसवायची ते विचारायला आबा आला होता. पाठीमागं मी. आबानं फाटकाशी पायताण काढलं. टायरच्या सोलाचं, जड, आदल्याच बाजारात घेतलेलं. मालक सोप्यावर पेपर वाचत होता. त्यानं पेपरातनं डोकं न काढता रान सांगितलं. आबा माघारी फिरला तर पायताण जाग्यावर नाही.

मालकाचा मुलगा चौदा-पंधराचा असेल. गडी त्याला धाकटे मालक म्हणायचे. हातात काठी घेऊन तो गोबरगॅसच्या कुंडीपाशी उभा होता. शेण कालवायची कुंडी. काठोकाठ भरलेली.

"मालक, पायताण?"

"कुंडीत बघ की रं. रानात चुकल्यालं मेंढरू हुडकतूस, तुजं पायताण घावंना व्हय?"

सोप्यावर मालक हसला. गडी हसले. खिडकीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आबानं खांद्यावरचं घोंगडं माझ्याकडं दिलं, गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात घातला. एक सापडलं. दुसरं सापडेना. तो आणखी वाकला. डोक्यावरचा फेटा सुटून शेणात पडला.

तेव्हा मी हसलो. खिक्कन. बापाचं घोंगडं छातीशी धरून.

धाकट्या मालकानं माझ्याकडं बघून डोळा मारला. तो मला त्यांच्यात घेत होता. आणि मला बरं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून आबानं कुणाच्याही दारात पायताण सोडलं नाही. काढायचा आणि काखेत धरायचा. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत गुरुजींपुढं, काखेत पायताण. का, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

पुढं मी शिकलो. सांगलीत वसतिगृहात राहिलो. भाषा साफ केली. इतकी साफ केली की मेंढरांचा वास गेला असं मला वाटायचं. नोकरी केली, हौशी नाटकं केली. आणि पन्नाशीला टेकल्यावर, ज्या बोलीची लाज वाटत होती तीच मला विकता येईल हे कळलं.

वाईजवळ एका मालिकेचं शूटिंग चालायचं. संवाद मुंबईहून यायचे, शहरी. ते गावरान करून द्यायचं काम माझं. 'आहे'चं 'हाय', 'नाही'चं 'न्हाई'. मालिकेत एक रावसाहेब होता आणि त्याच्याकडं येणारा एक मेंढक्या, म्हाद्या. म्हाद्यानं काहीतरी खुळ्यासारखं बोलायचं आणि रावसाहेबानं त्याच्या टाळक्यात मारायची. मागं हसण्याचा आवाज लावायचा. बस. तेवढंच त्याचं काम.

दिग्दर्शक एक दिवस म्हणाला, "सर, म्हाद्याला काहीतरी खास द्या ना. एखादी लकब."

मी दिली. "चपला काखेत घेऊन येऊ दे."

नटानं तिथल्या तिथं करून दाखवलं. हुशार पोरगा. खांदा किंचित वर, कोपर आत दाबलेलं, मान थोडी पुढं. मी सांगितलं नव्हतं तेसुद्धा बरोबर केलं. सगळं युनिट पोट धरून हसलं.

"खरंच असं करतात का हो?" दिग्दर्शकानं विचारलं.

"करतात की."

"का पण?"

"अडाणी माणसं."

दोन शब्द. माझ्या बापाविषयी जगापुढं मी बोललेले पहिले दोन शब्द हे.

म्हाद्या गाजला. लोक काखेत चपला धरून मोबाईलवर रील काढायला लागले. लग्नात नवरदेवाचे मित्र तसे नाचायला लागले. एका शाळेच्या गॅदरिंगला पहिलीतल्या पोराला म्हाद्या केलेलं मी डोळ्यांनी बघितलं. आयाबाया टाळ्या पिटत होत्या. मीही पिटल्या.

मग दिग्दर्शकाला आणखी पाहिजे झालं. मी त्याला कुंडीची गोष्ट सांगितली. गावाकडचा गमतीदार किस्सा म्हणून. कुणाचा ते सांगितलं नाही. त्याला गोठा आणि कुंडी असलेलं अंगण हवं होतं. ते अंगणही मीच दाखवलं. तेच अंगण.

का, ते आता सांगतो. मला तिथं खुर्चीवर बसायचं होतं. धाकटा मालक आता पिकल्या मिशीचा झालाय. जुनं घर पाडून बंगला बांधलाय, कुंडी तेवढी ठेवलीय, तालुक्यातल्या प्रत्येक स्टेजवर असतो. शूटिंगवाले जागा बघायला आले म्हणून तो स्वतः फाटकापर्यंत आला. "या सर, बसा सर." गड्यानं खुर्ची आणली. त्यानं मला ओळखलं नाही. मी पायात बूट ठेवून बसलो, चहा घेतला आणि मनात म्हणालो, घेतला सूड. खुर्ची मिळाली होती. बदल्यात बाप दिला होता, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

शूटिंगच्या आधीच्या रविवारी गावी गेलो. आबा ओट्यावर बसला होता. पायताण शेजारी नाही, मांडीवर. आता ऐंशीच्या पुढं आहे. बोळातनं पोरं पळत गेली, "म्हाद्या! म्हाद्या!" करत. आबानं वर बघितलं नाही.

मग म्हणाला, "दवाखान्यात गेलतो. तिथली नर्स हसली. म्हनली, आज्जा, टीव्हीत बघून शिकला व्हय ह्ये?"

मी बोळाकडं बघितलं.

"त्या नटाला कुनी दावलं रं?"

मी बुटाची नाडी सोडायला लागलो.

"तूच असशील. दुसऱ्या कुनी नीट बघितलंच न्हाई." मांडीवरच्या पायताणाची धूळ झटकली. "तवाबी हसला व्हतास तू."

म्हणजे त्यानं ऐकलं होतं. हात शेणात, फेटा शेणात, अंगणभर हसणं, आणि त्या गलक्यातनं त्याला माझं हसणं वेगळं ऐकू आलं होतं. चाळीस वर्षं ते पोटात ठेवून त्यानं मला शिकवलं, भाकरी घातली, वसतिगृहावर धपाटी पोचवली.

"आबा, ल्हान व्हतो तवा."

"आन् आता?"

एवढंच. मग तो उठून आत गेला. पायताण घेऊन. स्वतःच्या घरात.

मंगळवारी सीन होता. कुंडी भरून तयार. शेण नव्हतं ते. मुलतानी माती आणि भुसा कालवून रंग लावलेला. नटाच्या हाताला घाण नको म्हणून. धाकटा मालक मॉनिटरजवळ खुर्चीत मांडी घालून बसला होता. त्याच्या कोल्हापुरी चपला खाली, एकीला एक लावून ठेवलेल्या.

"सर, ह्ये आमच्याकडं खरं घडल्यालं बरं का," तो दिग्दर्शकाला सांगत होता. "एक धनगर हुता. त्येचं पायताण मीच टाकलं हुतं. लय हसलो आमी!"

"काय सांगता! त्याला वाईट नाही वाटलं?"

"आवं, कसलं वाईट! त्येचं पोरगंसुदिक हसत हुतं. पोटचं पोरगं हसलं, मग आमी हसलो तर काय बिघडलं?"

चाळीस वर्षं हा माणूस माझं हसणं खिशात घालून फिरत होता. दाखला म्हणून. जिथं जाईल तिथं दाखवत होता. आणि तो दाखला मी दिला होता.

मी उठलो. म्हणालो, "ते पोरगं मी."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच. मग हसायला लागला. "आयला! सर, तुमी व्हय! बघा की, केवढं मोठं झालासा!"

मी खाली वाकलो, त्याच्या चपला उचलल्या आणि कुंडीत टाकल्या. एकेक करून. बुडेपर्यंत बघितलं.

"हुडका," म्हणालो.

कुणी हसलं नाही. हे नीट वाचा. पन्नासभर माणसं होती. लाईटवाले, मेकअपवाले, बघायला आलेला गाव. तीच कुंडी, पुन्हा पायताणच, तोच विनोद. एक माणूस हसला नाही. म्हाद्याचं पायताण पडलं की महाराष्ट्र हसतो. मालकाचं पडलं की अंगणात चिडीचूप. तेव्हा मला कळलं की विनोद कुंडीत कधी नव्हताच. पायताण कुणाचं, त्यावर सगळं होतं. आणि मी वर्षभर कुणाच्या बाजूनं संवाद लिहीत होतो तेही कळलं.

"हात घाला मालक. कोपरापर्यंत. माझ्या बापानं घातला होता. तुमच्यासाठी तर नुसती माती कालवलीय."

"ए," तो म्हणाला. 'सर' गेलं, 'तुमी' गेलं. "जुनं उकरतूस व्हय रं? शूटिंग बंद करून दाखवू काय?"

पण त्याला वाकावं लागलं नाही. दोन गडी धावले, चपला काढल्या, नळाखाली धुतल्या, पुसून त्याच्या पायाशी ठेवल्या. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आपण नंतर बोलू. लाईट जातोय." त्या दिवसाचे संवाद माझ्या हातात होते. मी ते फाडले. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतले. सीन झाला. टीव्हीवर लागला. लोक पोट धरून हसले. माझ्या जागी आता दुसरा कुणीतरी 'हाय', 'न्हाई' करून देतो.

माझा सूड पुरा झालेला नाही. मातीच्या कुंडीत तो पुरा होत नाही. त्या माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही, ते भिऊन नव्हे. ते त्याच्या तोंडून यायला पाहिजे, त्याच अंगणात, त्याच गावासमोर. "पायताण मी टाकलं" हे तो आजवर हसत सांगत आला. एकदा न हसता सांगायचं आहे त्याला. त्यासाठी मी आबाला घेऊन जाणार आहे. पायात पायताण घालून तो त्या पायऱ्या चढेल. काखेत काही नसेल. मी पुढं नसेन, मागंच असेन, घोंगडं धरून, तेव्हा होतो तिथंच. या वेळी तिथं कुणी हसलंच, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

त्याआधी एक राहिलंय. ओट्यावर आबानं विचारलं होतं, "आन् आता?" त्याला मी उत्तर दिलेलं नाही. त्याच्यासमोर बसून, त्याच्या बोलीत, त्याच्या डोळ्यांत बघून मला म्हणायचं आहे, "व्हय आबा. तवाबी हसलो. आताबी हसलो."

हे सगळं लिहून झालं. ते अजून म्हटलेलं नाही.