फाइलीतलं कौतुक

चादरीचं एक टोक नळाला गुंडाळून धाकटी दुसरं टोक डाव्या हाताने पिळत होती. पीळ घट्ट बसला की नळ कुरकुरायचा, मग ती हात सैल सोडायची. मागे एकदा जोर जास्त लागून नळच उपटून आला होता आणि सासूबाईंनी त्यावरून आठवडाभर ऐकवलं होतं. अर्धी चादर पिळून झाली, अर्धीतून अजून पाणी गळत होतं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

कुरियरवाला होता. लिफाफा उशीएवढा जाड.

"सही करा."

तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी रेघ ओढली. त्याने एकदा सहीकडे पाहिलं, एकदा तिच्या उजव्या हाताकडे, आणि जिना उतरला.

आतून आवाज आला, "कोण होतं गं? आणि ती चादर कोण पिळणार, मी?"

सासूबाईंचं हे असंच. दोन मुलांपैकी थोरला त्याच्या बायकोला घेऊन कधीच वेगळा झाला होता. ही त्या घरातली धाकटी सून, म्हणून नाव पडलं धाकटी, ते थोरली गेल्यावरही तसंच राहिलं. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरात असण्यापेक्षा रस्त्यावर जास्त. म्हणजे घरात या दोघीच. बोलणारी एक आणि ऐकणारी एक.

धाकटी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथे गरम रोलरमध्ये ओल्या चादरी घालायचं काम दोघींनी मिळून करायचं असतं. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, चादर ताणून एकदम आत सोडायची. तिची जोडीदारीण म्हणजे बुटकी. हे नाव सगळ्यांनी ठेवलेलं, आणि त्यावर सगळ्यांत जास्त हसायची तीच. एका सकाळी ओल्या चादरीचा कोपरा धाकटीच्या बोटांना वेढा घालून बसला आणि रोलरने चादरीबरोबर हातही ओढला. बुटकीने झेप घेऊन लाल बटण दाबलं म्हणून मनगट तरी वाचलं.

एक ऑपरेशन झालं. कातडी भरली, पण तीन बोटं आकड्यासारखी वळून राहिली. बटण लागेना, सुरी धरता येईना. देवासमोर हात जोडले तरी उजवा तळवा डाव्याला टेकत नसे. सर्जन म्हणाले होते, "दुसरं ऑपरेशन करून आतल्या दोऱ्या सोडवू. पण लवकर. सांधे एकदा धरले की मग माझ्याही हातात काही नाही."

कामावर इजा झालेल्यांचा खर्च सरकारचं भरपाई कार्यालय करतं, त्यामुळे मंजुरीही त्यांचीच लागते. ती नाकारल्याचं पत्र आलं. त्यात एवढंच लिहिलं होतं की उपलब्ध माहितीवरून अर्जदाराचा हात रोजच्या कामास पुरेसा दिसतो.

उपलब्ध माहिती! ती कोणी उपलब्ध करून दिली?

धाकटीचा संशय गेला बुटकीवर. कार्यालयाचा माणूस धुलाईखान्यात चौकशीला आला होता आणि त्याने बुटकीला केबिनमध्ये बोलावलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला रोलरवरून काढून घड्या घालायच्या टेबलावर बसवलं, म्हणजे बसून करायचं काम. खरंतर दर सुट्टीला बुटकीच घरी यायची, चादरी पिळून द्यायची, धाकटीची वेणी घालायची. पण संशय एकदा शिरला की माणूस असलं काही आठवत नाही.

वेणी घालता घालताच धाकटीने विचारलं होतं, "साहेबाला काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"खरं ते सांगितलं."

"मग माझा हात बरा कसा झाला? खुर्ची मिळाली ना तुला बसायला?"

बुटकीने अर्धी वेणी तशीच सोडली, कंगवा खिडकीत ठेवला आणि गेली. परत आली नाही. तो कंगवा अजून तिथेच होता. सासूबाईंनीही तो हलवला नव्हता.

आपली फाइल आपल्याला मागता येते, हे धाकटीला भरपाई कार्यालयाच्या भिंतीवरच्या पाटीने सांगितलं. खिडकीमागे एक चष्मेवाली कारकून बाई होती. चष्मा मात्र कायम डोक्यावर.

"कोणाची फाइल हवी?"

"माझी."

"कशासाठी?"

"माझी आहे म्हणून."

चष्मेवाली हसली. "कारण द्यावं लागत नाही हो, मी आपली सवयीने विचारते. ओळखपत्र आहे? सगळी मागा. थोडी मागितली की नेमकं हवं ते राहतं." मग धाकटीचा हात पाहून तिने अर्ज स्वतःच भरून दिला.

तोच हा लिफाफा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर धाकटीने कागद पसरले. समोर सासूबाई दुधी चिरत बसल्या होत्या. "या वयात सुरी धरायची वेळ आली," त्या दुधीला सांगत होत्या. "लोकांच्या सुना काय काय करतात. आमच्याकडे कागद वाचायचं काम चालतं."

धाकटी पानं उलटत राहिली. इस्पितळाचा अहवाल. हाताचे फोटो, झेरॉक्समध्ये इतके काळे आलेले की हात कुठे आणि सावली कुठे कळेना. मग धुलाईखान्यातली चौकशी. बोलणाऱ्याच्या नावावर काळी पट्टी मारली होती, पण खालचा मजकूर मोकळा होता: "तिला शर्टाचं बटण लावता येत नाही. कप दोनदा हातातून पडलेला मी पाहिला आहे. तिची वेणी मी घालते. तिला परत रोलरवर उभं करू नका."

वेणी घालणारी दुसरी होती कोण? धाकटीने खिडकीकडे पाहिलं नाही. पान उलटलं.

पुढच्या पानावर एका फोनची नोंद होती.

"अर्जदार घरी नाहीत. सासूबाईंशी बोलणे झाले. सून कशी आहे विचारले असता देवाच्या दयेने उत्तम असल्याचे सांगितले. स्वयंपाक, धुणे, बाजार सर्व एकटी करते. मला काडी उचलू देत नाही. अशी सून शोधून सापडणार नाही. सुनेबद्दल अत्यंत समाधानी."

त्याखाली कोणीतरी पेनने शेरा मारला होता: सहकारी मैत्रीण आहे, तिचे म्हणणे घरच्यांच्या म्हणण्याशी जुळत नाही.

धाकटीने ते पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून तिने स्वतःबद्दल यातला एक शब्द ऐकला नव्हता. भाजी जमली तर "आज मिठाचा अंदाज आला वाटतं." आजारपणात रात्र रात्र पायाशी बसली तर "झोप येत नसेल तुला." आणि हे?

"आई, तुम्हाला ऑफिसमधून फोन आला होता?"

"कुठलं ऑफिस? हां, एका मुलीचा आला होता मागे. गोड बोलत होती हो. सगळ्यांची चौकशी केली."

"तिला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? चांगलंच सांगितलं." सुरी चालूच होती. "परक्या माणसापुढे घरातलं रडगाणं गायचं का? माझ्या सासूने मला घरात सोलून काढली, पण उंबऱ्याबाहेर नाव ठेवलं नाही कधी. मीही नाही ठेवत. कोणीही विचारू दे, माझी सून चांगली, माझं घर चांगलं, देवाची दया."

"तुम्ही सांगितलंत की मी धुणं धुते."

"मग? माझी सून पांगळी आहे म्हणून सांगू?"

धाकटीने पान त्यांच्याकडे सरकवलं. सासूबाईंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. शेऱ्यापाशी बोट थांबलं. मोरीत नळाला बांधलेल्या चादरीतून पाणी टपटपत होतं.

"यामुळे ऑपरेशन नाकारलं?"

धाकटीने पान परत आपल्याकडे ओढून घेतलं.

"बोल की गं! एरवी मी बोलते, आज तू बोल. शिव्या दे."

"हे मला एकदा जरी म्हणाला असतात," धाकटी म्हणाली, "तर बाहेर सांगायची गरज पडली नसती."

"तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतं," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज त्यांचा नव्हता.

धाकटीने कार्यालयात फोन लावला. चष्मेवालीच बोलली.

"नोंद खोडता येत नाही. तुमचं म्हणणं लिहून द्या, ते तिच्या खाली लावू. सासूबाईंनी स्वतः लिहावं. फेरविचाराची मुदत या आठवड्याअखेर संपते, ते बघा."

"मग होईल मंजूर?"

"खरं सांगू? निकाल लागल्यावर घरच्यांनी शब्द फिरवला की वरचे लोक भुवया चढवतात. बाहेरचं कोणी आणा, तुमचा हात रोज पाहिलेलं. फाइलीत एका बाईंची जबानी आहे ना? त्यांनी स्वतः येऊन सही करून सांगितलं, तर वजन येईल. नाहीतर कठीण आहे."

धाकटीने फोन ठेवला. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या, देवाच्या फळीपुढे उभ्या राहिल्या. एरवी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं मागायच्या. आज हात जोडून नुसत्याच उभ्या राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "कागद आण."

त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर सुरेख, शाळेत गिरवलेलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं: "माझी धाकटी सून कामाला वाघ आहे. तिच्यासारखी कष्टाळू मुलगी मी पाहिली नाही. परंतु सध्या..."

"ते खोडा, आई."

"काय खोडू?"

"वाघ. कष्टाळू. सगळं. त्यांना ते पुन्हा दिसायला नको."

"पण खरं आहे ते."

"असू दे खरं. खोडा."

सासूबाईंनी पेन उचललं. खोडताना ओठ आवळून धरले होते. मग खाली लिहिलं: माझ्या सुनेला चादर पिळता येत नाही. भाजी चिरता येत नाही. कपडे घालायला मदत लागते. घरातलं काम मी करते. फोनवर मी खोटं बोलले. त्याखाली सही खणखणीत केली.

"आता सगळ्या ऑफिसला कळेल," त्या म्हणाल्या, "मी कशी बाई आहे ते."

धाकटीने कागद घडी घालायला घेतला. एका हाताने घडी तिरकी बसली. सासूबाईंनी तो ओढून घेतला, सरळ केला आणि लिफाफ्यात घातला. मग मोरीत जाऊन त्यांनी चादरीचं टोक धरलं, दोनदा पीळ दिला, आणि दम लागून नळाला टेकून उभ्या राहिल्या. चादर तशीच राहिली.

"बुटकी येईल का गं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"मी जे बोलले, त्यानंतर मी नसते आले."

"मग?"

धाकटीने खिडकीतला कंगवा उचलला. दात्यांत तिचाच एक केस अडकला होता, तो काढून टाकला आणि कंगवा पिशवीत ठेवला. फाइलीतलं बुटकीच्या जबानीचं पान काढून त्याच्यासोबत ठेवलं. धुलाईखान्याची पाळी संध्याकाळी सुटते. बुटकी मागच्या फाटकातून बाहेर पडते.

आज त्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं होतं. आधी माफी मागायची, मग सही.